स्वाकोपमुंड की वॉल्विस बे: मुक्काम कुठे टाकावा?

नामिबियाच्या एरोंगो प्रांतात किनाऱ्यावर तीन-चार रात्री काढायच्या ठरल्या की घोळ होतो तो याच दोन गावांत. मधे तीस-पस्तीस किलोमीटर रस्ता, एका हाताला अटलांटिक, दुसऱ्या हाताला नामिबच्या वाळूच्या टेकड्या. आम्ही दोन्हीकडे दोन-दोन रात्री राहिलो.

गाव म्हणून स्वाकोपमुंड उजवं. १८९२ साली जर्मनांनी वसवलेलं, त्या काळच्या इमारती अजून नांदत्या आहेत. पायी हिंडायला छान, बेकऱ्या उत्तम, आणि आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांची सोयही तिथेच बरी झाली. केप क्रॉसचे सील, स्पिट्झकोपेचे खडकाळ सुळके, वेल्विचिया या वाळवंटी वनस्पतीचं माळरान, सगळं तिथून सोयीचं. वॉल्विस बे म्हणजे मुळात बंदर: क्रेन, मिठागरं, आणि वारा फिरला की मासळीच्या कारखान्यांचा वास.

पण सकाळचं धुकं! बेंगेला हा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो, त्यामुळे पाऊस जवळपास नाही आणि धुकं मात्र दाट. बोटी आणि सँडविच हार्बर या दक्षिणेकडच्या खाडीच्या जीप निघतात वॉल्विस बेहून, त्याही सकाळी. सँडविच हार्बरच्या वाटेवर वाळूचा डोंगर आणि लाटा यांच्यामधली पट्टी ओहोटीलाच मोकळी होते, म्हणून उशीर चालत नाही. स्वाकोपमुंडला मुक्काम असताना दोन्ही सकाळी वॉल्विस बेपर्यंत मी पावसाशिवाय वायपर लावून गाडी हाकली. समोरचा ट्रक अगदी जवळ आल्यावरच दिसायचा. शेजारी बायको दाराची मूठ धरून गप्प, मागे लेक चिडीचूप. सुट्टीतल्या सकाळी अशा नकोत.

वॉल्विस बेलाही धुकं होतंच, पण तिथे आम्हाला फक्त रस्ता ओलांडून लगूनवर, म्हणजे समुद्राच्या उथळ खाजणावर, जायचं होतं. आधी नुसता कलकलाट ऐकू आला. मग धुकं विरळ होत गेलं तसे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसले, चोच उलटी पाण्यात घालून, पायांनी चिखल तुडवत जागच्या जागी गोल फिरणारे. शिवडीला रोहित पाहिलेत, पण दुर्बिणीतून. इथे कठड्याशी उभं राहून त्यांचे पाय दिसत होते.

हातात एकच रात्र असेल किंवा सोबत वयस्कर मंडळी असतील तर स्वाकोपमुंडच घ्या. सँडविच हार्बर करायचंच असेल तर मात्र आदल्या रात्री वॉल्विस बेला या, असं मला तरी वाटतं. खोली लगूनच्या बाजूची मागा. दुपारी वारा फार सुटतो, तेव्हा पक्षी सकाळीच बघून घ्या.