ग्रीक नवा करार (युबीएस, 5वी आवृत्ती): सेमिनरीतल्या रोजच्या वापरानंतर

सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, ग्रीक सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात पुस्तकांची यादी हाती पडते आणि पाठोपाठ विकत घ्यायची घाई सुटते. युनायटेड बायबल सोसायटीजच्या (युबीएस) ग्रीक नव्या कराराची ही पाचवी आवृत्ती (2014) त्या यादीत बहुधा असतेच. रोजच्या वाचनात, परीक्षेच्या तयारीत आणि रविवारच्या उपदेशाच्या टिपणांसाठी कित्येक महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय: पुस्तक उत्तम आहे, पण नवं कोरंच हवं असं अजिबात नाही.

आधी आत काय आहे ते. संहिता, म्हणजे मूळ ग्रीक मजकूर, नेस्ले-आलांड या अभ्यासकांच्या ग्रीक नव्या कराराच्या 28व्या आवृत्तीचीच (2012). फरक परिच्छेद, विरामचिन्हं आणि तळटिपांत. नेस्ले-आलांड पाठभेद (हस्तलिखितांतले शब्दांचे फरक) कितीतरी जास्त देतं, पण मजकुरातल्या बारीक खुणा ओळखण्यातच नवख्याचा तास जातो. युबीएस भाषांतरकारांसाठी तयार झालेलं असल्यामुळे अर्थावर परिणाम करणारे निवडक पाठभेदच घेतं, त्यांच्या साक्षी (कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ आहे) सविस्तर देतं आणि संपादकांची खात्री ए (सर्वांत जास्त) ते डी (सर्वांत कमी) अशा श्रेणीत सांगतं. जुन्या करारातली अवतरणं ठळक टायपात आहेत. इब्री लोकांस पत्र वाचताना याचा फायदा पानोपानी होतो.

तळटिपांचा उपयोग पाहायचा तर मार्क 1:41 उघडा. कुष्ठरोगी गुडघे टेकून विनवतो आणि येशूला त्याचा कळवळा येतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. खाली टीप सांगते की बेझी या पाचव्या शतकाच्या आसपासच्या हस्तलिखितात आणि काही जुन्या लॅटिन प्रतींत तिथे 'रागावून' असं आहे. सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितं कळवळ्याच्या बाजूने आहेत, म्हणून संपादकांनी तोच पाठ ठेवून बी श्रेणी दिली. पण मग मत्तय 8:3 आणि लूक 5:13 काढून बघा: प्रसंग तोच, आणि दोघांनीही ती भावनाच गाळलेली. कळवळा असता तर का गाळली असती? राग कुणावर, रोगावर की त्या माणसाला बाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेवर? मी कळवळ्याच्याच बाजूचा आहे, पण या प्रश्नाशी तासभर झगडल्याशिवाय या भागावर उपदेश करू नये असं मला मनापासून वाटतं.

फुकट पर्याय आहेत आणि चांगले आहेत. एसबीएलची (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर) ग्रीक संहिता (2010) मोबाइलवर मोफत मिळते. नेमक्या मार्क 1:41 मध्ये तिने 'रागावून' हा पाठ घेतलाय. तिच्या टिपा मात्र छापील आवृत्त्यांची तुलना करतात, हस्तलिखितांची साक्ष देत नाहीत, त्यामुळे 'का' याचं उत्तर तिथे मिळत नाही. प्रवासात वाचायला ती पुरते.

आता अडचणी. कागद फार पातळ आहे. शाईचं पेन पलीकडे उमटतं, साधा हायलायटर तर दोन्ही बाजू खराब करतो. 0.5 ची एचबी पेन्सिल किंवा मेणासारखा कोरडा हायलायटर वापरा. पुण्याच्या पावसाळ्यात पानं लाटा धरतात. पुस्तक भिंतीला चिकटून असलेल्या फळीवर ठेवू नका, आठवड्यातून एकदा पंख्याखाली उघडून ठेवा. नवी प्रत एकदम मधून उघडली तर पाठीचा कणा सुटतो. दोन्ही टोकांकडून थोडी थोडी पानं दाबत मध्यापर्यंत या.

शब्दार्थ खाली छापलेली वाचक-आवृत्तीही मिळते. ती पहिल्या वर्षी घेऊ नका, कारण डोळे आपोआप खाली जातात आणि शब्द पाठच होत नाहीत. घेतलीच असेल तर पानाचा खालचा भाग पोस्टकार्डाने झाका, ओळ पूर्ण वाचा, मगच कार्ड सरकवा. नव्या करारात 50 वा अधिक वेळा येणारे शब्द जेमतेम तीनशेच्या वर आहेत. ते पाठ झाले की पानातल्या दहापैकी आठ शब्द ओळखीचे होतात. सुरुवात योहानाच्या पहिल्या पत्राने करा, मग योहान, मग मार्क. लूक, प्रेषितांची कृत्ये आणि इब्री नंतर.

खरेदीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. वसतिगृहात अशा खोल्या असतात जिथे बकरीच्या कातड्याची बांधणी, तीन आवृत्त्या आणि भाष्यांचे संच मांडलेले असतात, आणि फिलिप्पैकरांस पत्राचे चार अध्याय मात्र पूर्ण वाचलेले नसतात. लूक 12 मधला धनवान जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो. देवाच्या वचनाची पुस्तकं साठवतानाही तीच हाव आत शिरू शकते, आणि ती पवित्र दिसते म्हणून लवकर ओळखू येत नाही. चर्चची मंडळी पै-पै जमवून विद्यार्थ्याला पाठवते, त्या पैशाचाही विचार हवा.

म्हणून चौथी आवृत्ती (1993) जुन्या बाजारात किंवा निवृत्त पाळकांकडे मिळाली तर बिनधास्त घ्या, मागे शब्दकोश जोडलेली असेल तर उत्तमच. चौथी आणि पाचवी यांच्या संहितेत फरक आहे तो फक्त याकोब ते यहूदा या पत्रांत, तोही तिसाहून थोड्या अधिक जागी. त्यातले काही महत्त्वाचे आहेत: यहूदा 5 मध्ये लोकांना मिसर देशातून सोडवणारा चौथीत 'प्रभू' आहे, पाचवीत 'येशू'. बदललेल्या जागांची यादी नेस्ले-आलांड 28च्या प्रस्तावनेत आहे. ग्रंथालयातली प्रत समोर ठेवून ते बदल आपल्या जुन्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने उतरवून घ्या. एका दुपारचं काम आहे.