एअरफायबर: आधी गच्चीवर जा, मग पैसे भरा

एअरफायबर म्हणजे ५जी टॉवरचा सिग्नल गच्चीवर किंवा बाल्कनीत लावलेल्या डब्यात पकडून घरच्या राउटरला दिलेलं बिनतारी इंटरनेट. इमारतीत फायबरची केबल आलेली असेल तर त्याचा विचार करू नका. आलेली नसेल, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घर चालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ही सेवा का निघाली हे कळलं की तिच्या मर्यादाही कळतात. २०२२च्या लिलावात ५जी स्पेक्ट्रमवर, म्हणजे ५जीच्या रेडिओ लहरी वापरण्याच्या हक्कावर, कंपन्यांनी सुमारे दीड लाख कोटी रुपये लावले, त्यात ८८ हजार कोटी एकट्या जिओचे. मोबाइलचा ग्राहक मात्र ५जीसाठी वेगळे पैसे द्यायला तयार नाही, आणि ज्या व्हिडिओ ॲप्सचा भार नेटवर्कवर पडतो त्यांच्याकडूनही काही मिळत नाही. मग टॉवरवरची मोकळी क्षमता रस्ता न खोदता घरांना विकायची, हा मार्ग उरला. २०२३ साली एअरटेलने ऑगस्टमध्ये आणि जिओने गणेश चतुर्थीला ही सेवा आणली.

म्हणजे तुमचा टीव्ही आणि रस्त्यावरचे मोबाइल एकाच टॉवरवर. रात्री ९ ते ११ वेग पडतो तो यामुळे, राउटर बदलून फरक पडत नाही. अपलोड तर मुळातच कमी, कारण ५जीमध्ये बहुतेक वेळ डाउनलोडला दिलेला असतो. घरून काम करणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

सगळा खेळ बाहेरच्या डब्याचा. बसवणारा केबल वाचवायला बाल्कनीच्या ग्रिललाच तो बांधू पाहतो. तिथे थांबवा आणि ॲपमधला सिग्नल दाखवायला सांगा. तो डीबीएममध्ये दिसतो, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ८० ते ९० उत्तम, उणे १०५च्या खाली गेला तर सरळ नको म्हणा. पाण्याच्या टाकीआडून मीटरभर बाजूला सरकवल्यानेही आकडा सुधारतो. समोर झाड असेल तर मे महिन्यातला आकडा जुलैत टिकत नाही, ओली पानं सिग्नल शोषतात. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायला लावा, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत घरात येतं. डब्याला वीज घरातल्या ॲडॉप्टरमधून जाते, त्यामुळे राउटरसोबत तोही इन्व्हर्टरवर हवा.

पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट तुमच्या राउटरपर्यंत पोहोचवणारा पत्ता, सहसा मिळत नाही. त्या पत्त्यावरून आत येणाऱ्या वाटेवर (पोर्ट फॉरवर्डिंग) चालणारा जुना सीसीटीव्ही बाहेरून दिसणार नाही, क्लाउडवर चालणारा दिसेल.

जिओने सुरुवात केली ती ५९९ रुपयांत ३० एमबीपीएसने. १८ टक्के जीएसटी धरून ७०७. एका टीव्हीवर ४के लावलं की त्यातले १५ ते २५ तिथेच संपतात, म्हणून चौघांच्या घरात १००चाच प्लॅन घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरले की बसवण्याचा खर्च माफ होतो, तरी सगळ्यात छोट्या मुदतीचाच प्लॅन आधी घ्या. आठवडाभर रात्री साडेनऊला लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून वेग मोजा. वायफायवरचा आकडा धरू नका. प्लॅनमधल्या वेगाच्या निम्म्याहून कमी येत असेल तर डबा हलवून मागा, तरीही तेच असेल तर मुदत वाढवू नका.