जर्नल ऑफ न्यूरोसायन्स: आठ महिने दर आठवड्याला वाचल्यावर

पैशांचं आधी. मेंदूविज्ञानाचं हे जर्नल काढणाऱ्या संस्थेचे सभासद नसाल तर सुटे पेपर (शोधनिबंध) विकत घेऊ नका. ६ महिने थांबलं की तोच पेपर साइटवर मोफत उघडतो, आणि तेवढ्यात काही शिळं होत नाही.

सुरुवातीला वैताग आणला तो मेथड्सनी, म्हणजे प्रयोग कसा केला ते सांगणाऱ्या भागाने. निष्कर्षांच्या आधीच पानंच्या पानं: उंदरांची जात, भुलीचं औषध, इलेक्ट्रोडची जागा. प्रस्तावनेला ६५० शब्दांची मर्यादा, चर्चेला १५०० ची. मेथड्सना मात्र मोकळं रान. आता मत पार बदललंय. २०१० मध्ये या जर्नलने पेपरसोबतची पुरवणी घेणं बंद केलं, कारण पुरवण्या इतक्या फुगल्या होत्या की त्या नीट तपासल्याच जात नव्हत्या. त्यामुळे तपशील मेथड्समध्येच येतो, आणि त्याचा फायदा आज वाचकाला होतो. 'n = १२०' (नमुन्यांची संख्या) दिसलं की मागच्या पानावर जाऊन बघा: १२० चेतापेशी, पण उंदीर फक्त ४? एकाच उंदराच्या ३० पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. त्यांवर साधी टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) चालवली की पी-व्हॅल्यू, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता, फसवी लहान येते. कुठली पेशी कुठल्या उंदराची हे धरून चालणारं मिक्स्ड मॉडेल किंवा निदान प्रत्येक उंदराची सरासरी हवी.

एक खोट मात्र सहन होत नाही. 'औषध दिलेल्या गटात परिणाम दिसला, दुसऱ्यात दिसला नाही, म्हणून दोन गट वेगळे.' चूक! आकडे घ्या. एका गटात बदल ३०, स्टँडर्ड एरर (त्या आकड्यातली अनिश्चितता) १०; टी, म्हणजे बदल भागिले एरर, आला ३. टी साधारण २ च्या पुढे गेला तरच परिणाम धरतात. दुसऱ्यात बदल १५, एरर तेवढीच, टी १.५. दोन्ही बदलांतला फरक १५, पण त्याची एरर १०० अधिक १०० चं वर्गमूळ, म्हणजे १४.१. टी जेमतेम १.०६! गट वेगळे असल्याचा पुरावाच नाही. २०११ मध्ये नेचर न्यूरोसायन्समध्ये आलेल्या पाहणीत पाच नामांकित जर्नलांचे ५१३ पेपर तपासले होते, त्यात हेही जर्नल होतं. अशी तुलना ७८ पेपरांत बरोबर होती, ७९ मध्ये चुकीची. इतक्या कडक जर्नलांत हे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरच्या नजरेतून सुटतं, याचा खरंच राग येतो.

मेथड्स सविस्तर असल्याने पकडता मात्र येतं. निष्कर्षांत 'दुसऱ्या गटात मात्र नाही' असं वाक्य आलं की स्टॅटिस्टिक्सच्या परिच्छेदात 'इंटरॅक्शन' शब्द शोधा; दोन गटांतल्या बदलांची थेट तुलना केली, असा त्याचा अर्थ. तो नसेल तर ग्राफवरच्या, परिणाम सिद्ध झाल्याची खूण म्हणून दिलेल्या तारका विसरा, आणि दोन्ही बदलांतला फरक वरच्यासारखा स्वतः काढून बघा.