सव्वीस आठवडे सगळीकडेच, पण पैसे देणार कोण?

ऑफर लेटरमध्ये प्रसूती रजेबद्दल बहुतेक ठिकाणी एकच ओळ सापडते: ‘कायद्यानुसार लागू’. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत मूल व्हावं असं मनात असेल आणि हातात दोन नोकऱ्या असतील, तर या ओळीपाशी जरा थांबा. आठवडे जवळपास सगळीकडे सारखेच आहेत. ते पैसे कोण देतं, कुठल्या रकमेवर देतं आणि तुम्ही त्या हिशोबात बसता का, यात खरा फरक पडतो.

2017च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाच्या तारखेआधी घेता येतात. दोन मुलं असतील तर तिसऱ्या वेळी 12 आठवडे. 1961चा मातृत्व लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. आठवड्यांचे आकडे मात्र तेच राहिले.

साडेवीस हजार की चोवीस हजार?

समजा, भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये तुम्ही अकाउंट्स बघता. पगार ₹20,500, त्यावर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जाते. ओळखीतून एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ₹24,000ची नोकरी चालून येते. माणसं सात, एसी आहे, शनिवारी हाफ डे. घरात विचारलंत तर सगळे एका सुरात म्हणणार, घेऊन टाक.

आता हिशोब मांडा. ईएसआयची मर्यादा महिना ₹21,000 वेतनाची आहे. त्या आत असताना तुमचे 0.75 टक्के, म्हणजे दीडशेच्या आसपास रुपये कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. बाळंतपणात 182 दिवस सरासरी दैनिक वेतनाच्या पूर्ण दराने पैसे मिळतात आणि ते ईएसआयचं महामंडळ देतं, मालक नाही. दिवसाला सुमारे ₹683 धरले तर रक्कम ₹1,24,000च्या वर जाते. सात जणांच्या ऑफिसला मात्र मातृत्व लाभाची तरतूदच लागू होत नाही, कारण दुकानं आणि ऑफिसांसाठी किमान 10 माणसांची अट आहे. मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी दहा माणसं कामावर असतील तरी भागतं. कधीच नसतील तर रजा म्हणजे साहेबांची मर्जी. वर्षभराची जास्तीची कमाई ₹42,000 आणि पणाला लागतात सव्वा लाख. मूल जवळच्या बेतात असेल तर मी तरी भोसरी सोडणार नाही.

ईएसआयच्या दवाखान्यातली रांग अनेकींना नको वाटते, ते समजू शकतं. पण ती नाराजी उपचारांबद्दलची आहे. रजेचे पैसे हा वेगळा हक्क आहे, दोन्हींची गल्लत करून नोकरी सोडू नका.

ईएसआयची खरी मेख तारखांमध्ये आहे. लाभासाठी आधीच्या लागोपाठच्या दोन वर्गणी कालावधींत मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी लागते. वर्गणीचे कालावधी दोन, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. लाभाचे कालावधी त्यांच्यामागून येतात, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. म्हणजे बाळंतपण नोव्हेंबरात असेल, तर बघितली जाते मागच्या वर्षीच्या एप्रिलपासून या वर्षीच्या मार्चपर्यंतची वर्गणी. यंदा मे महिन्यात पहिल्यांदाच ईएसआयखाली आलेल्या मुलीने ऑक्टोबरपर्यंत इमानेइतबारे काम केलं, तरी या बाळंतपणाला महामंडळाकडून रजेची रोख रक्कम मिळत नाही. कागद भरायला बसल्यावर हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

याच नियमाची दुसरी बाजू फायद्याची आहे. नोकरी बदलून तुम्ही मर्यादेच्या वर गेलात, तरी आधी भरलेल्या वर्गणीवरचा हक्क त्या-त्या लाभ कालावधीपुरता उरतो. तेव्हा राजीनामा द्यायच्या आधी बाळंतपणाची संभाव्य तारीख आणि हे कालावधी एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

चोवीस हजार देणारी कंपनी चाळीस जणांची असेल तर?

तर चित्र पालटतं. इथे पैसे मालकाने द्यायचे. अट एवढीच, की अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम झालेलं असावं. नव्याने रुजू होणारीला ही अट ईएसआयपेक्षा सोपी जाते. बाळंतपणाआधीच्या रजेचे पैसे आगाऊ आणि उरलेले बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यावर 48 तासांत, असा नियम आहे. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या दर महिन्याला नेहमीसारखा पगार टाकतात आणि बायकांनाही तेच बरं पडतं.

इथे सॅलरी स्लिप हातात घेऊन रकाने वाचा. जुन्या कायद्यात ‘वेतन’ म्हणताना महागाई भत्ता आणि घरभाडं दोन्ही धरले जायचे. संहितेत घरभाडं, प्रवासभत्ता, कमिशन, ओव्हरटाइम हे बाहेर आहेत. मात्र बाहेरच्या गोष्टी एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या, तर वरचा भाग परत वेतनात धरावा लागतो. म्हणजे ₹40,000 मोबदल्यात निदान ₹20,000 वेतन ठरतंच. त्यापुढे किती, ते रकान्यांच्या नावांवर अवलंबून. चांगल्या कंपन्या रजेतही पूर्ण पगार देतात. तुमची देते का, हे एचआरला ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. कॅन्टीनमध्ये ‘देतो ना, देतो’ म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत असू शकतो.

बाकीचं थोडक्यात. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला सुट्टी. कंपनीने बाळंतपणाच्या उपचारांची सोय मोफत केली नसेल तर ₹3,500 वैद्यकीय बोनस. पुण्यातल्या खाजगी हॉस्पिटलचं बिल पाहिलेल्यांना यावर हसू येईल. म्हणून ग्रुप मेडिक्लेममध्ये प्रसूतीसाठी किती मर्यादा आहे, तेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

सरकारी नोकरी

पहिल्या सहा महिन्यांत फारसा फरक नाही, 182 दिवसांऐवजी 180. फरक त्यानंतर सुरू होतो. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत 730 दिवस बालसंगोपन रजा मिळते, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत आणि थोरल्या दोन मुलांसाठी. पहिले 365 दिवस पूर्ण पगार, पुढचे 80 टक्के. महाराष्ट्र शासनात हीच रजा 180 दिवसांची आहे. दहावीच्या परीक्षेला किंवा मुलाच्या लांबलेल्या आजारपणात ती उपयोगी पडते तेव्हा कळतं, खाजगीत याला पर्याय म्हणजे बिनपगारी रजा. राज्य शासनात लहान कुटुंबाचा, म्हणजे दोनच मुलांचा, नियम मात्र लक्षात ठेवा.

सरकारी कार्यालयातलं कंत्राटी पद हे प्रकरण वेगळं. बालसंगोपन रजा तिथे गृहीत धरू नका. प्रसूतीचे पैसे मात्र सोडू नका. कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी लाभ पूर्ण द्यावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कविता यादव प्रकरणात सांगितलं आहे.

‘त्यापेक्षा सोडूनच देते’

असं म्हणण्याआधी नोकरी नसताना काय मिळतं ते पाहा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ₹5,000, ₹3,000 आणि ₹2,000 अशा दोन हप्त्यांत. दुसरं मूल मुलगी असेल तर ₹6,000 एकदम. त्यासाठी उत्पन्न ₹8 लाखांच्या आत, रेशन कार्ड, ई-श्रम (असंघटित कामगारांची नोंदणी) अशा निकषांपैकी एखाद्यात बसावं लागतं आणि आधार जोडलेलं खातं लागतं. नोकरीतून प्रसूती लाभ घेणारीला ही योजना नाही. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल आणि मुलगी झाली तर ‘लेक लाडकी’त जन्मानंतर ₹5,000 येतात, पुढचे टप्पे धरून ती 18 वर्षांची होईपर्यंत ₹1,01,000. घरात कुणी नोंदणीकृत बांधकाम कामगार असेल तर त्यांच्या मंडळाकडून नैसर्गिक प्रसूतीला ₹15,000 आणि सिझेरियनला ₹20,000. ज्यांच्याकडे दुसरं काही नाही त्यांना हे पैसे मोलाचे आहेत. पण सव्वा लाखाचा हक्क सातव्या महिन्यात राजीनाम्यावर सही करून सोडायचा आणि पाच हजारांसाठी अंगणवाडीत खेटे घालायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

बाबांची रजा

केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवस, जन्माच्या 15 दिवस आधीपासून ते सहा महिन्यांच्या आत कधीही. खाजगीत कायद्याने एकही दिवस नाही, सगळं कंपनीच्या धोरणावर. नवऱ्याला ईएसआय असेल तर बायकोचं बाळंतपण त्याच्या कार्डावर ईएसआयच्या रुग्णालयात होऊ शकतं. रजेचे पैसे मात्र त्यातून येत नाहीत. दोघांपैकी एकानेच नोकरी बदलायची असेल आणि दोन्हीकडे पगारवाढ सारखी असेल, तर या वर्षी त्याने बदलावी.

अर्ज कुठेही असला तरी लेखीच द्या. त्यात रजा सुरू होण्याची तारीख आणि गैरहजेरीत पैसे कोणाच्या नावे द्यायचे ते लिहा, पोचेची सही घ्या आणि त्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा. अवेळी कळा सुरू झाल्या आणि अर्ज राहूनच गेला, तर बाळंतपणानंतर देता येतो. आधी दिला नाही एवढ्यावरून मालक पैसे नाकारू शकत नाही.