अप्पा बळवंत चौकातला आफ्रिकी कप्पा

पुण्यातल्या या चौकाजवळच्या गल्लीतलं हे जुन्या पुस्तकांचं दुकान लोकांना माहीत आहे ते गाइडांसाठी. पण आत गेल्यावर डाव्या हाताचे वरचे दोन कप्पे आफ्रिकी कादंबऱ्यांचे आहेत. किंमत साधारण १५० ते २५० रुपये. घासाघीस दोन-तीन पुस्तकं एकदम घेतली तरच.

बहुतेक प्रती हाइनमन या ब्रिटिश प्रकाशनाच्या 'आफ्रिकन रायटर्स सिरीज'च्या. १९६२ साली सुरू झालेल्या या मालिकेचं पहिलं पुस्तक नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांचं 'थिंग्ज फॉल अपार्ट', आणि पहिली दहा वर्षं संपादकीय सल्लागारही तेच. घेताना मुखपृष्ठावर जाऊ नका, आतलं आवृत्तीचं पान उघडा. अचेबेंनी 'अ‍ॅरो ऑफ गॉड' १९७४ मध्ये सुधारली, केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी 'अ ग्रेन ऑफ व्हीट' १९८६ मध्ये. वर्गात नवी आवृत्ती आणि हातात जुनी, म्हणजे पान क्रमांकच काय, काही ठिकाणी मजकूरही जुळत नाही. न्गुगींच्याच 'वीप नॉट, चाइल्ड'च्या जुन्या प्रतीवर लेखक 'जेम्स न्गुगी' आहे. 'जेम्स' हे बाप्तिस्म्याचं ख्रिस्ती नाव त्यांनी वसाहतीची खूण म्हणून पुढे टाकून दिलं. अशी प्रत दिसली तर सोडू नका; वसाहत आणि ओळख यांचा अख्खा वाद त्या मुखपृष्ठावरच छापलेला आहे.

साठ-सत्तरच्या दशकातल्या बांधणीचा डिंक वाळलेला असतो. पुस्तक सपाट उघडलंत की मधली पानं सुटून हातात येतात. पावसाळ्यात ओलीचा वास आणि कसर दोन्ही तपासा. बाहेरच्या टेबलावरच्या कोऱ्या, प्लॅस्टिकमधल्या स्वस्त प्रती मात्र सरळ चोरटी छपाई वाटते: अक्षरं फुटलेली, आणि अचेबेंच्या कादंबरीमागची इग्बो या त्यांच्या मातृभाषेतल्या शब्दांची सूची गायब.

खरी उणीव निवडीची. माल येतो परीक्षा संपलेल्या विद्यार्थ्यांकडून, त्यामुळे अभ्यासक्रमात जे असतं तेच कप्प्यावर साचतं. सेनेगलच्या मारियामा बा किंवा सुदानचे तायेब सालिह यांची पुस्तकं क्वचितच दिसतात. एक फ्रेंचमध्ये लिहिणारी, दुसरा अरबीत. न्गुगींनी तुरुंगात टॉयलेट पेपरवर गिकुयू या मातृभाषेत लिहिलेली 'डेव्हिल ऑन द क्रॉस'ही नाही. नवख्या वाचकाला आफ्रिका इंग्रजांशी आणि इंग्रजीतच भांडली असं वाटायचं! मालकांकडे नावं लिहून दिलीत तर मागवतात, महिनाभर धरा.

वाचून झालेलं पुस्तक निम्म्या किमतीत परत घेतात, फक्त पहिल्या पानावर नाव घालू नका.