सात महिने एक गोळी, तीन महिने दुसरी: बीपी उतरलं, बाकीचं चढलं

आधी चांगलं सांगतो. बीपी १५८/९८ होतं, तीन आठवड्यांत १२८/८० वर आलं आणि तिथंच टिकलं. ॲटेनोलॉल ५० आणि क्लोरथॅलिडोन १२.५, दोन्ही मिळून सकाळी एकच गोळी. तिनं काम केलं नाही असं म्हणायला जागाच नाही.

तक्रार आहे ती बाकीच्या आकड्यांची. दुसऱ्या महिन्यापासून रात्री पोटरीत गोळे यायला लागले. वय झालं, म्हणून सोडून दिलं. वजन तीन किलोनं वाढलं. सहावा महिना सरता सरता एका पहाटे उजव्या पायाचा अंगठा असा पेटला की चादर टेकली तरी जीव कळवळायचा. मुरगळला असेल, म्हणून दोन दिवस बर्फ लावत बसलो. मग रक्त तपासलं. युरिक ॲसिड ८.४ (हे वाढून सांध्यात साचलं की गाऊट होतो, अंगठा असा पेटतो), पोटॅशियम ३.२ (खालची हद्द ३.५), उपाशीपोटीची साखर ११४, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.०. गोळीआधी साखर ९६ होती. युरिक ॲसिड मात्र आधी कधी तपासलंच नव्हतं. त्यामुळे ते गोळीनं वाढवलं की मुळातच काठावर होतं, हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ-पाणी काढतं, त्यासोबत पोटॅशियमही जातं. ते कमी पडलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडताना हात आखडतं आणि साखर वर सरकते. युरिक ॲसिड उलट आत तुंबतं. ॲटेनोलॉलची तऱ्हा वेगळी: वजन आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढू शकतं, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) उतरू शकतं. शिवाय साखर फार खाली गेली तर होणारी धडधड, थरथर ते झाकून टाकतं. घाम तेवढा फुटतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

म्हणून क्लोरथॅलिडोन टाकाऊ ठरत नाही. बीपीच्या गोळ्यांची तुलना करणाऱ्या २००२ च्या ऑलहॅट अभ्यासात चार वर्षांत नवा मधुमेह क्लोरथॅलिडोनवर ११.६ टक्के, ॲम्लोडिपिनवर ९.८, लिसिनोप्रिलवर ८.१ टक्के लोकांना झाला. तरी हार्ट ॲटॅकच्या बाबतीत तिघं बरोबरीत, आणि हार्ट फेल्युअर टाळण्यात क्लोरथॅलिडोनच पुढं.

रागाच्या भरात मी गोळी बंदच करणार होतो. डॉक्टरांनी दटावलं, ॲटेनोलॉल एकदम सोडलं तर बीपी आणि नाडी उसळते. डोस हळूहळू उतरवत टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ वर आणलं. सुरुवातीलाच, महिन्याभरानं पोटॅशियम बघायला सांगितलं असतं तर त्या पोटरीच्या गोळ्यांचं कोडं तेव्हाच सुटलं असतं. हा राग अजून गेलेला नाही.

आता तीन महिन्यांनंतर पोटॅशियम ४.३, युरिक ॲसिड ६.५, एचबीए१सी ५.८. पोटरी गप्प आहे. वजन एकच किलो उतरलं, आणि त्याचं खापर गोळीवर फोडायला आता तोंड नाही. टेल्मिसार्टननं पोटॅशियम उलट वर जाऊ शकतं, म्हणून ती तपासणी काही सुटलेली नाही. ॲम्लोडिपिननं संध्याकाळी घोटे सुजतात. साखरेशी त्याचं देणंघेणं नाही, पण मोजे काढले की वण तासभर जात नाहीत.