श्रीलंकेची ग्रुप टूर बुक करताय? आधी महिना बघा

पुण्यातल्या एका टूर कंपनीबरोबर आम्ही घरचे चौघं सप्टेंबरात श्रीलंकेला जाऊन आलो, मी, हे, मोठे भाऊजी आणि जाऊबाई. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय, पण फसवतात कसं ते सविस्तर लिहिते, कारण त्याच टूरची जाहिरात परत व्हॉट्सॲपवर फिरायला लागलीय आणि तारखा परत सप्टेंबरच्याच आहेत, वर तोच झाडावर पसरलेल्या बिबट्याचा फोटो.

तो बिबट्या श्रीलंकेतल्या 'याला' नावाच्या नॅशनल पार्कचा. त्या पार्कमधला ब्लॉक वन हा भाग बिबट्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे, सगळे तिथेच जातात. आणि हा ब्लॉक वन बहुतेक वर्षी सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतो! पाऊस नसतो, पाणवठे आटतात, जनावरांना गाड्यांचा त्रास नको म्हणून तिथलं वन्यजीव खातं बंद ठेवतं. हे काही गुपित नाही, तिथल्या कुठल्याही जीपवाल्याला विचारा. मग वर्षानुवर्षं श्रीलंकेच्या टूर काढणाऱ्या कंपनीला हे माहीत नाही असं कुणी म्हटलं तर मी तरी मानणार नाही. माहीत असूनच पैसे घेतले.

आम्हाला पहाटे यालाजवळच्या तिस्सामहाराम गावातून जीपमध्ये बसवलं. तलावाच्या कडेकडेने, मग काटेरी झुडपांतून खडबडीत रस्त्याने फिरवलं, मोर दिसले, एक मगर दिसली, लांब एक हत्ती. गेट कुठेच लागलं नाही, तिकीट कुणी काढलं नाही. भाऊजी बँकेतून रिटायर झालेत, त्यांना पावती लागतेच, त्यांनी ड्रायव्हरला तिकीट मागितलं तर तो बिचारा सरळ बोलला, "ब्लॉक वन क्लोज्ड सर, ओपन ऑक्टोबर." आम्ही टूर मॅनेजरला गाठलं तर म्हणे, "काका, हा पण यालाचाच एरिया आहे, प्राणी दिसणं नशिबावर असतं." अहो प्राणी दिसणं नशिबावर असतं हे आम्हालाही कळतं, ताडोबाला जाऊन आलोय आम्ही, पण गेटच्या आत नेणं हे नशिबावर नसतं ना!

खरी चीड पुढे आहे. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे मिन्नेरिया या दुसऱ्या नॅशनल पार्कचा सीझन. तिथला जुना मोठा तलाव आटत जातो तसं मोकळ्या झालेल्या जागेवर कोवळं गवत येतं आणि आजूबाजूच्या जंगलातले हत्ती शेकड्यांनी तिथे जमतात, पिल्लांसकट. आणि हे मिन्नेरिया सिगिरियापासून (प्रचंड खडकावरचा जुना किल्ला) फार लांब नाही, आम्ही सिगिरियाला मुक्काम करून होतो. त्याच महिन्यात, त्याच भागात, बिबट्या नाही तर नाही पण आयुष्यभर लक्षात राहील असं दृश्य दाखवता आलं असतं. त्याऐवजी दुपारभर कुठे नेलं तर मातले गावाकडच्या एका मसाल्याच्या बागेत. तिथे पांढरा कोट घातलेला माणूस जाऊबाईंच्या गुडघ्याला तेल चोळतोय आणि बाटलीची किंमत सांगतोय आणि आमचा मॅनेजर काउंटरपाशी खुर्ची टाकून बसलाय. ज्यांनी काही घेतलं नाही त्यांनाही बस सुटेपर्यंत तिथेच थांबावं लागलं. कँडीत रत्नांच्या दुकानात परत तेच. कमिशन असतं हो याच्यात, म्हणून वेळ तिकडे जातो.

मिरिसा या दक्षिण किनाऱ्यावरच्या गावातून बोटीने देवमासे बघायला नेतात, त्याचंही तसंच. "ऑप्शनल" म्हणून वेगळे पैसे पुण्यातच घेतले. मिरिसाला सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, सप्टेंबरात त्या बाजूला समुद्र खवळलेला. बोट गेलीच नाही, "हवामानामुळे रद्द, रिफंड नाही."

सिगिरियाला तिकिटासाठी पासपोर्ट गोळा केले. भाऊजींनी काउंटरवरचा बोर्ड वाचला, सार्क देशांच्या नागरिकांना परदेशी पर्यटकांपेक्षा कमी दर असतो. आमच्याकडून डॉलरमध्ये वसूल केलेला दर मात्र पूर्ण परदेशी पर्यटकाचा. मधला फरक गेला कुठे, याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. (सिगिरिया स्वतः अप्रतिम आहे, वर चढताना भिंतीवरची ती चित्रं बघून मी सगळं विसरले होते, त्या जागेबद्दल, तिथल्या माणसांबद्दल माझी एक शब्दाची तक्रार नाही.)

घरी आल्यावर अजून एक. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस घेतात, म्हणजे कंपनीने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर, तो आपल्या पॅनवर जमा व्हायला हवा. आमच्याकडून घेतला, बिलावर लिहिलाय, पण आमच्या ह्यांनी 26एएस (पॅनवर जमा झालेला कर दाखवणारं इन्कम टॅक्सचं स्टेटमेंट) काढून बघितलं तर आमच्या नावावर काहीच नाही. तुम्ही कुठल्याही कंपनीबरोबर बाहेर जाऊन आला असाल तर आजच बघून घ्या.

बुकिंगच्या आधी एवढं तरी लेखी मागा, ईमेलवर: यालाचा कुठला ब्लॉक आणि त्या तारखांना चालू आहे का, प्रवेश तिकीट पॅकेजमध्ये आहे का आणि कुठल्या दराचं, बोट रद्द झाली तर पैसे परत का. गाइडकडे श्रीलंका टुरिझमचं लायसन्स असतं, ते दाखवायला सांगा. उत्तर फोनवरच देत असतील तर पैसे भरू नका.

आणि जे फसलेत त्यांनी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. आयोगात जायचं तर ऑनलाइन करता येतं, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल होते, मुदत दोन वर्षं. आमच्या ग्रुपमधल्या कुणी हे वाचत असेल तर मसाल्याच्या बागेची, बोटीची बिलं फेकू नका, टूरच्या ग्रुपवरचे मॅनेजरचे मेसेज डिलीट करू नका, आम्हाला कळवा, सगळ्यांची एकत्र जोडायची आहेत.